वाचकांचे प्रश्न : बाळंतपणानंतरचं नैराश्य, गाझात आणि गोव्यात

गेल्या अंकात बाळंतपणानंतरच्या नैराश्याविषयी एक छोटी चौकट छापली होती. तिच्यावर आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रं इथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. उत्तरं स्त्रीआरोग्य आणि मानसोपचार या क्षेत्रांत काम करणाऱ्यांनी लिहिली आहेत.

मी मडगावात नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी ‘पॅलेस्टिनी मातांमधलं प्रसूतीनंतरचं नैराश्य आणि त्याची कारणं’ हा विषय घेतलाय. मैत्रिणी म्हणतात, जिथे बॉम्ब पडतात तिथे बाई उदास असणारच, त्यात आजार काय शोधायचा? मला उत्तर सुचलं नाही.

मैत्रिणींचा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. हा आजार नेमका त्याच प्रश्नापाशी हातातून निसटतो. घसरून पाय मोडला, तर कारण दिसतंय म्हणून कुणी प्लास्टर घालायचं थांबत नाही. मनाच्या बाबतीत मात्र कारण दिसलं की आपण उपचाराचा विचारच सोडून देतो. पॅलेस्टाईनमध्ये कारण इतकं मोठं आहे की त्याच्या सावलीत आजार दिसत नाही, आणि आपल्याकडे कारण घराच्या चार भिंतींत दडलेलं असतं म्हणून दिसत नाही. दोन्हीकडे बाई उपचाराविना राहते.

दुःख आणि नैराश्य यांत फरक असतो आणि तो तपासता येतो. दुःखातली आई रडते, पण बाळ हसलं की क्षणभर तरी तिचा चेहरा उजळतो. झोपायला मिळालं तर ती झोपते आणि कुणी पुढ्यात ताट ठेवलं तर चार घास खाते. नैराश्यात मन उदास राहणं किंवा कशातच गोडी न वाटणं हे किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज आणि दिवसाचा बहुतेक वेळ चालतं. बाळ झोपलं तरी आईला झोप येत नाही. ‘मी आई व्हायच्या लायकीची नाही’ हा विचार पाठ सोडत नाही. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी येणारं रडू वेगळं. ते निम्म्याहून जास्त बायकांना येतं आणि दोन आठवड्यांत आपोआप ओसरतं.

कारणांची यादी पॅलेस्टाईनमध्येही जगभरच्या यादीसारखीच सुरू होते. पूर्वी कधी नैराश्य येऊन गेलेलं असणं, गरोदरपणातच मन खचलेलं असणं, नवऱ्याची साथ नसणं किंवा मारहाण, नको असताना राहिलेलं गरोदरपण, प्रसूतीतली गुंतागुंत, अपुऱ्या दिवसांचं किंवा आजारी बाळ, पैशाची चणचण. बेथलेहेममधल्या एका अभ्यासात (२०१६) चार मातांमागे एकीहून थोड्या जास्त मातांत नैराश्याची लक्षणं आढळली. मुलगाच हवा ही ओढ तिथेही आहे. थोरल्या मुलाच्या नावावरून आईला ‘उम्म अमुक’ म्हणजे अमुकची आई अशी हाक मारतात, त्यामुळे मुलगा होईपर्यंत तिच्यावरचं दडपण आपल्या बायकांना वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

त्यानंतरची यादी त्यांची स्वतःची आहे. वेस्ट बँक या पॅलेस्टिनी भागात इस्पितळाचा रस्ता इस्रायली लष्करी नाक्यांवरून जातो. २००० नंतरच्या काही वर्षांत ६०हून अधिक स्त्रिया नाक्यावर अडकून तिथेच बाळंत झाल्याची नोंद आहे आणि त्यांतली कितीतरी बाळं दगावली. त्यामुळे आठव्या-नवव्या महिन्यातल्या बाईला प्रसूतीच्या कळांइतकीच रस्त्याची धास्ती असते. नवरा तुरुंगात किंवा बेपत्ता असणं, घर पाडलं जाणं, रात्रीच्या धाडी, हे सगळं त्यावर चढतं. गाझात नोव्हेंबर २०२३मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी सांगितलं होतं की तिथे सुमारे ५०,००० गरोदर स्त्रिया आहेत आणि रोज १८०हून जास्त प्रसूती होताहेत. ऑगस्ट २०२५मध्ये गाझा प्रांतात दुष्काळ पडल्याचं अधिकृतपणे जाहीर झालं. उपाशी आईला वाटतं, आपलं दूध कमी पडतंय. बाहेरचं दूध मिळत नाही, मिळालं तर ते कालवायला स्वच्छ पाणी नाही. बाळ रडतं आणि आई तो दोष स्वतःकडे घेते.

एक गोष्ट प्रकल्पात जरूर लिहा. अरब मुलखात बाळंतिणीचे चाळीस दिवस जपले जातात, अगदी आपल्या सव्वा महिन्यासारखे. आई, बहिणी, शेजारणी घरात असतात. भेटीला येणाऱ्यांना शहाजिऱ्याच्या जातीच्या मसाल्याची आणि तांदळाच्या पिठाची ‘कराव्या’ नावाची खीर वाढतात. हे कोडकौतुक नुसतं नसतं, या दिवसांत बाईला झोप मिळते आणि बोलायला माणूस मिळतं. विस्थापनाने नेमकं हेच तोडलं. तंबूत बाळंत झालेल्या बाईची आई दुसऱ्या छावणीत किंवा ढिगाऱ्याखाली असेल, तर ते चाळीस दिवस तिला देणार कोण?

पॅलेस्टिनी मनोविकारतज्ज्ञ समाह जब्र सांगतात की आघातानंतरच्या ताणाची पाश्चात्त्य व्याख्या त्यांच्याकडे बसत नाही, कारण तिथे आघात संपलेलाच नसतो. म्हणून तिथल्या आईला ‘झालं ते विसर’ म्हणण्यात अर्थ नाही. तरीही उपचार चालतात. गाझा कम्युनिटी मेंटल हेल्थ प्रोग्रॅम ही संस्था इयाद अल-सर्राज यांनी १९९०मध्ये काढली, आणि निर्वासितांसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या दवाखान्यांतही मानसिक आरोग्याची सेवा प्रसूतिसेवेला जोडलेली आहे.

आता प्रकल्पातल्या चुका टाळण्याविषयी. टक्केवारी लिहिताना प्रश्नावली कोणती, किती गुणांना ‘नैराश्य’ धरलं आणि प्रसूतीनंतर कितव्या आठवड्यात विचारलं, या तिन्ही गोष्टी लिहा. एडिंबरो प्रश्नावलीत (ती पुढच्या उत्तरात आहे) १० गुणांना रेषा ओढली आणि १३ला ओढली, तर त्याच बायकांचे आकडे दुपटीने बदलू शकतात. दवाखान्यात आलेल्या मातांचा अभ्यास असेल, तर ज्यांना तिथवर पोचताच आलं नाही त्या मोजलेल्याच नाहीत, हेही नोंदवा. एकाच वेळी केलेल्या पाहणीत ‘संबंध आढळला’ एवढंच म्हणता येतं, ‘यामुळे झालं’ असं म्हणता येत नाही. आणि भाषेकडे लक्ष द्या. तिथली बाई ‘मला नैराश्य आहे’ म्हणत नाही. ती ‘मख्नूका’ म्हणते, म्हणजे गुदमरल्यासारखं होतंय, किंवा ‘नफ्सीती ताबाने’, मन थकलंय. आपल्याकडची बाई ‘टेन्शन’ म्हणते, नाहीतर कंबर आणि डोकं दुखतं म्हणून सांगते.

मी सत्तरी तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. दहा प्रश्नांची एक यादी मिळाली आहे. घरोघरी विचारते, पण सगळ्याच बायका ‘बरं आहे’ म्हणतात. माझं कुठे चुकतं?

ही यादी म्हणजे बाळंतपणानंतरचं नैराश्य हेरण्यासाठीची एडिंबरो प्रश्नावली, १९८७मध्ये तयार झालेली. दहा प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण ३०. सगळे प्रश्न गेल्या सात दिवसांबद्दलचे. गोव्यात ती कोकणीतून वापरली गेली आहे आणि अरबीतही आहे.

‘बरं आहे’ येण्याचं सर्वांत मोठं कारण बहुधा खोलीतच बसलेलं असतं. सासू किंवा नवरा समोर असताना ही यादी काढूच नका. बाळाचं वजन करायचं निमित्त करून आईला अंगणवाडीत बोलवा, किंवा घरच्यांना पाणी आणायला पाठवा. पाच मिनिटांचा एकांत पुरतो. तेवढाही मिळाला नाही, तर त्या दिवशी विचारू नका, पुन्हा जा.

दुसरी चूक म्हणजे प्रश्न आपल्या शब्दांत मऊ करणं. ‘रडूबिडू येत नाही ना?’ असं विचारलं की उत्तर ‘नाही’च येतं. छापलेलं वाक्य जसंच्या तसं, चारही पर्यायांसकट, सावकाश वाचा. बाई विचार करत असेल तर थांबा.

तिसरी चूक बेरजेत होते. पहिला, दुसरा आणि चौथा या प्रश्नांत पहिल्या पर्यायाला ०, शेवटच्याला ३. बाकीच्या सात प्रश्नांत उलट, पहिल्याला ३, शेवटच्याला ०. हे उलटसुलट झालं की आजारी बाई निरोगी ठरते. गुण कागदाच्या कडेला आधीच पेन्सिलीने लिहून ठेवा.

१०च्या खाली असेल तर पुढच्या भेटीत पुन्हा विचारा. १० ते १२ असेल तर दोन आठवड्यांत पुन्हा. १३ किंवा जास्त असेल तर आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांकडे त्याच आठवड्यात. हा आकडा म्हणजे निदान नव्हे, निदान डॉक्टर करतात. दहावा प्रश्न मात्र वेगळा आहे. तो स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तिथे ० सोडून काहीही आलं, तर एकूण गुण कितीही कमी असोत, त्याच दिवशी हालचाल करा. कीटकनाशक, गोळ्या, दोर अशा वस्तू घरातून हलवायला सांगा आणि तिला एकटी सोडू नका. हा प्रश्न विचारल्याने कुणाच्या डोक्यात तो विचार शिरत नाही. आधीच असलेला विचार बोलायला वाट मिळते. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालतो आणि मोफत आहे.

आणि गरोदरपणातच सुरुवात करा. त्याचं कारण पुढच्या उत्तरात आहे.

सुनेला दुसरीही मुलगीच झाली. आम्ही कुणी तिला काही बोललो नाही. पण दीड महिना झाला तरी ती बाळाला फक्त पाजते आणि भिंतीकडे तोंड करून पडते. दृष्ट काढली, बाळंतकाढा दिला. आणखी काय करू? (डिचोली)

ताई, तुम्ही काळजीने लिहिलंत, म्हणून मोकळेपणाने सांगतो. ‘कुणी काही बोललं नाही’ हे सुनेला पुरत नाही. बारशाला आलेल्यांनी ‘पुढच्या वेळी मुलगा होईल हो’ म्हटलं असेल, तर तेही बोलणंच झालं. ‘आम्हाला हीच हवी होती’ हे तुमच्या तोंडून, सगळ्यांसमोर, तिच्या कानांवर पडू द्या.

यावर गोव्यातच पक्का अभ्यास झाला आहे. मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी इथल्या जिल्हा इस्पितळात आलेल्या २७० गरोदर स्त्रियांचा मागोवा घेतला आणि तो २००२मध्ये प्रसिद्ध झाला. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांना नैराश्य होतं. त्यांतल्या ७८ टक्के मातांना गरोदरपणातच मानसिक त्रास होता, म्हणजे प्रसूतीच्या आधी पाहिलं असतं तर बहुतेक जणी तेव्हाच सापडल्या असत्या. कारणांत घरातली चणचण, उपासमार आणि नवऱ्याची मारहाण होती, आणि बाळ मुलगी असली की या बाकीच्या कारणांचा भारही बदलत होता. निम्म्याहून जास्त जणी सहा महिन्यांनीही बऱ्या झालेल्या नव्हत्या. त्याच मातांच्या बाळांकडे पाहिलं, तेव्हा नैराश्य असलेल्यांची बाळं वजनाने आणि लांबीने मागे पडलेली दिसली. त्यामुळे ‘होईल हळूहळू’ म्हणून थांबू नका.

या आठवड्यात करायची कामं सांगतो. सर्वांत आधी झोप. तिला रात्री सलग चार ते पाच तास झोप मिळालीच पाहिजे. साडेनऊला तिने पाजावं आणि दहा ते दोन बाळ तुमच्याकडे किंवा मुलाकडे, दुसऱ्या खोलीत. मधल्या वेळेसाठी तिने संध्याकाळी दूध काढून ठेवावं. झाकलेल्या, उकळून घेतलेल्या स्टीलच्या भांड्यात, फ्रीजच्या आतल्या बाजूला, दारात नव्हे. आपल्या उकाड्यात बाहेर ठेवलं तर दोन तासांच्या आत संपवा. द्यायच्या वेळी भांडं कोमट पाण्यात धरा, गॅसवर तापवू नका, आणि वाटी-चमच्याने पाजा. काही बायकांना ‘तू झोप, बाळ मी बघते’ एवढ्याने उलट वाटतं की बाळ आपल्यापासून काढून घेतलं. म्हणून आधी तिला विचारा.

दुसरं, आरोग्य केंद्रात रक्त तपासा. हिमोग्लोबिन, थायरॉईडसाठी टीएसएच आणि बी-१२. प्रसूतीनंतर थायरॉईड बिघडण्याचं प्रमाण साधारण वीस बायकांत एक असतं आणि त्याची सुस्ती हुबेहूब नैराश्यासारखी दिसते. तिसरं, शेक-शेगडी चालू असेल तर दारं-खिडक्या उघड्या ठेवा. बंद खोलीतल्या कोळशाच्या धुराने डोकं जड होतं, जीव गुदमरतो आणि तो विषारी वायू आई-बाळाच्या जिवावरही उठू शकतो.

चौथं म्हणजे बोलणं. गोव्यात संगाथ संस्थेने एक पद्धत वापरून पाहिली. शेजारपाजारच्याच, स्वतः आई असलेल्या बायकांना शिकवून ‘सखी’ म्हणून गरोदर आणि बाळंत स्त्रियांच्या घरी पाठवलं. २८० स्त्रियांवरच्या त्या चाचणीचे निष्कर्ष २०१९मध्ये आले, आणि सखी भेटलेल्यांत बऱ्या होणाऱ्यांचं प्रमाण सहा महिन्यांनी जास्त होतं. सखी उपदेश करत नाही. या आठवड्यात एक छोटं काम ठरवायचं, दहा मिनिटं अंगणात फिरणं, बाळाशी पाच मिनिटं बोलणं, आणि पुढच्या भेटीत ते जमलं का पाहायचं. जमलं नसेल तर रागवायचं नाही, काम आणखी छोटं करायचं. हे तुम्हीही करू शकता. पण दोन आठवड्यांत फरक दिसला नाही, किंवा तिने जेवण सोडलं, जगण्यात अर्थ नाही असं म्हटलं, तर थेट डॉक्टर.

डॉक्टरांनी सर्ट्रालीन हे नैराश्यावरचं औषध लिहून दिलंय. मी अंगावर पाजते. शेजारीण म्हणते, गोळ्या घ्यायच्या तर पाजणं बंद कर. (फोंडा)

बंद करायची गरज नाही. पाजणाऱ्या आईसाठी मानसोपचारतज्ज्ञ बहुधा हेच औषध आधी निवडतात, कारण ते दुधात फार थोडं उतरतं. बाळ अपुऱ्या दिवसांचं किंवा आजारी असेल तर मात्र बालरोगतज्ज्ञांना सांगून ठेवा. सुरुवात बहुधा २५ किंवा ५० मिलिग्रॅमने होते. पहिल्या आठवड्यात मळमळ आणि अस्वस्थपणा येतो, गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि याच मधल्या काळात ‘काही उपयोग नाही’ म्हणून गोळ्या सोडणाऱ्या सर्वांत जास्त. बरं वाटल्यावरही किमान सहा महिने औषध चालतं आणि ते डॉक्टरांच्या सांगण्याने हळूहळू कमी करायचं असतं. एक गोष्ट डॉक्टरांनी विचारली नाही तरी त्यांना सांगा: आधी कधी झोपेशिवाय दिवसच्या दिवस अतिउत्साहात गेले होते का, घरात कुणाला तसा आजार आहे का. तसं असेल तर नुसत्या या गोळीने तो उत्साह उसळू शकतो आणि उपचार बदलावे लागतात.

भावजय पहिल्या वेळी आठव्या दिवशी भ्रमिष्टासारखं करू लागली. ‘हे माझं मूल नाही, बदललंय’ म्हणायची, तीन रात्री झोपली नव्हती. घाड्याकडे (देवऋषाकडे) नेलं, त्यात आठवडा गेला, मग इस्पितळात बरी झाली. आता पुन्हा दिवस गेलेत. भाऊ जहाजावर असतो. काय तयारी करावी? (वास्को)

तो बाळंतपणानंतरचा तीव्र मनोविकार होता, नैराश्याहून वेगळा. हजार प्रसूतींमागे एक-दोन बायकांना होतो, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत सुरू होतो आणि तासातासाने बदलतो. सकाळी शहाण्यासारखी बोलणारी बाई दुपारी बाळाला विहिरीकडे नेऊ शकते. एकदा होऊन गेला असेल तर पुढच्या बाळंतपणात परत येण्याची शक्यता तिघींत एक ते दोघींत एक इतकी असते. म्हणून हे बाळंतपण योजनेनेच व्हायला हवं.

आताच, पोटात बाळ असतानाच, मानसोपचारतज्ज्ञांची भेट घ्या. जुने कागद न्या आणि सध्या कुठलं औषध चालू आहे ते दाखवा. व्हॅल्प्रोएट असेल तर तातडीने, कारण ते पोटातल्या बाळाला घातक आहे, पण स्वतःहून बंद करू नका. प्रसूतीचे डॉक्टर आणि मानसोपचाराचे डॉक्टर एकमेकांशी बोलले आहेत याची खात्री करा. भावाला रजा मिळणार असेल तर ती प्रसूतीच्या तारखेपासून पुढे महिनाभराची घ्यायला सांगा, आधीची नको.

प्रसूतीनंतर दोन आठवडे कुणीतरी जागं माणूस रात्री तिच्याजवळ हवं. एका कागदावर लिहून भिंतीला लावा: झोप नसूनही थकवा नाही, भराभर बोलणं किंवा एकदम गप्प होणं, संशय, कानात आवाज, बाळाबद्दल विचित्र समजूत. यांतलं एक जरी दिसलं तरी बाळाला तिच्यापाशी एकटं ठेवू नका आणि १०८ला फोन करा. बांबोळीला गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालय) आहे आणि तिथेच मानसोपचार इस्पितळही. दृष्ट काढायची असेल तर गाडी दारात येईपर्यंत काढा.

भरती करावं लागलं तर बाळाचं काय, ही भीती असेल. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार तीन वर्षांखालच्या मुलाला आईपासून सहसा वेगळं करता येत नाही. तिच्याकडून बाळाला धोका आहे असं डॉक्टरांना वाटलं, तरच तात्पुरतं वेगळं ठेवतात, आणि देखरेखीखाली भेट चालूच राहते. म्हणून इस्पितळाच्या पिशवीत बाळाचे कपडे, वाटी-चमचा, जुने कागद, चालू औषधांची यादी आणि बाळाला सांभाळायला सोबत येणाऱ्या माणसाचे चार कपडे, हे सगळं आठव्या महिन्यातच भरून ठेवा.